फॅशन मासिकातली इंटर्नशिप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या फॅशन मासिकांत इंटर्न म्हणून जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर फॅशन विभागावर आहे, कारण इंटर्नची सर्वांत जास्त गरज तिथे असते आणि गोंधळही तिथेच जास्त होतो. एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा : मासिकाच्या पानांवर दिसणारं जवळजवळ काहीच मासिकाच्या मालकीचं नसतं. कपडे, चपला, दागिने, सगळं उसनं आणलेलं असतं. ते वेळेत आणणं, जपणं आणि जसंच्या तसं परत करणं यावर पुढचं शूट अवलंबून असतं, आणि यातलं बरंचसं काम इंटर्नच्या हातात असतं.

रोजचं काम नेमकं काय असतं?

शूट नसलेल्या दिवशी : ब्रँडना आणि त्यांची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या पीआर एजन्सींना ईमेल आणि फोन, आलेल्या कपड्यांची नोंद, गेलेल्या कपड्यांची नोंद, क्लोजेट (मासिकात कपडे ठेवायची खोली) लावणं, लुकबुक (ब्रँडच्या नव्या कपड्यांचा क्रमांकवार फोटोसंग्रह) चाळून पर्याय काढणं, छापायला जाणाऱ्या पानांवरच्या किमती तपासणं. शूटच्या दिवशी : स्टीम करणं, रॅक लावणं, मॉडेलला कपडे घालायला मदत करणं, आवराआवर. डिझायनरशी गप्पा, शोची पुढची रांग, मुखपृष्ठाच्या चर्चा हे अधूनमधून वाट्याला येतं. दिवसातले सहा तास फोन, यादी आणि पिशव्या यांत जाणार हे मान्य असेल तरच फॅशन विभाग निवडा.

फॅशन सोडून आणखी कुठे घेतात?

फीचर्स, ब्युटी, आर्ट, डिजिटल, सोशल मीडिया, मार्केटिंग आणि इव्हेंट्स. फीचर्समध्ये, म्हणजे लेखांच्या विभागात, मुलाखती ऐकून उतरवून काढणं, तथ्य तपासणी, छोटे मजकूर. ब्युटीमध्ये उत्पादनं मागवणं, शेड नंबर जुळवणं, फोटोसाठी लिपस्टिक कापून, पावडर फोडून ठेवणं. आर्टला, म्हणजे पानांच्या मांडणीला, इनडिझाइन हे सॉफ्टवेअर येत असेल तरच जा. छपाईसाठी ३०० डीपीआय (फोटोची सूक्ष्मता), सीएमवायके (छपाईचे चार रंग) आणि चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी ठेवलेली जादा कड) म्हणजे काय, हे तिथे कुणी शिकवत बसत नाही. डिजिटलबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

कोणती मासिकं मुंबईत आहेत?

'फेमिना' १९५९ पासूनचं, टाइम्स समूहाचं. 'एल'ची भारतीय आवृत्ती १९९६ मध्ये आली, 'व्होग इंडिया' २००७ मध्ये, 'ग्राझिया' २००८ मध्ये. यांचं मुख्य काम मुंबईतून सुरू झालं. 'कॉस्मोपॉलिटन' आणि 'हार्पर्स बझार'च्या भारतीय आवृत्त्या इंडिया टुडे समूहाच्या, त्यामुळे त्यांचा कारभार दिल्ली-नोएडाकडचा. यांतली बरीच मासिकं आता दर महिन्याला छापली जात नाहीत आणि वेबसाइटसाठीच जास्त काम चालतं. अर्ज करण्याआधी ताजा छापील अंक विकत घ्या आणि त्यातलं मास्टहेड, म्हणजे संपादकीय मंडळाची यादी वाचा. कोण कुठल्या विभागात आहे याची सर्वांत खात्रीची माहिती तीच.

फॅशनची पदवी लागते का?

फॅशन विभागासाठी असेल तर उपयोग होतो. खारघरच्या निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेतून, एसएनडीटी महिला विद्यापीठातून किंवा खासगी संस्थांतून आलेल्या मुलांना ऑरगंझा आणि शिफॉनमधला फरक सांगावा लागत नाही. पण बीएमएम (मास मीडियाची पदवी), इंग्रजी साहित्य, अगदी वाणिज्य शाखेतून आलेली मुलंही हे काम उत्तम करतात. कापड ओळखणं दोन आठवड्यांत शिकता येतं. त्यासाठी मंगलदास मार्केटमध्ये दोन-तीन दुपारी घालवा, प्रत्येक कापडाला हात लावून नाव विचारा. याद्या नीट ठेवण्याची सवय मात्र दोन आठवड्यांत लागत नाही, आणि निवड करणारे तीच शोधत असतात.

अर्ज कधी आणि कसा करायचा?

ज्या महिन्यात सुरू करायचं आहे त्याच्या आठ ते दहा आठवडे आधी. मे-जूनसाठी सगळं कॉलेजविश्व अर्ज करतं, म्हणून तेव्हा गर्दी. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात अर्ज कमी असतात आणि काम सर्वांत जास्त : सणांचे, लग्नसराईचे अंक तेव्हाच तयार होतात. कॉलेजची परवानगी मिळत असेल तर हा काळ पकडा.

ईमेल सहाय्यक पातळीवरच्या व्यक्तीला लिहा : फॅशन असिस्टंट, ज्युनिअर फॅशन एडिटर, फॅशन कोऑर्डिनेटर. मुख्य संपादकांना पाठवलेला अर्ज शेवटी यांच्याकडेच येतो, तोही उशिरा. विषयाच्या ओळीत तुमचं नाव, विभाग आणि उपलब्ध तारखा लिहा. मजकूर आठ-दहा ओळींचा पुरे : काय शिकता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत पूर्णवेळ येऊ शकता, मुंबईत राहायची सोय आहे का, आणि अलीकडच्या अंकातलं कोणतं शूट आवडलं व का. बायोडाटा एका पानाचा, पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव दिलेला. 'फायनल नवा २' अशा नावाची फाइल आली की तुमच्या यादीचं काय होणार याचा अंदाज समोरच्याला येतो. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, नंतर नाही.

कॉलेजकडून इंटर्नशिपचं पत्र लागणार असेल तर आधीच काढून ठेवा. बरीच ऑफिसं एचआरच्या नोंदीसाठी ते मागतात आणि परीक्षेच्या काळात ते मिळवताना नाकी नऊ येतात.

पोर्टफोलिओत काय दाखवू?

दहा पानं पुरेत. मैत्रिणीवर, घरातल्या कपड्यांत, खिडकीच्या उजेडात केलेलं एखादं छोटं शूट, पूर्ण क्रेडिटसह, म्हणजे कुणी काय केलं आणि कपडे कुणाचे याच्या नोंदीसह. एक मूडबोर्ड (कल्पना दाखवणारा चित्रांचा तक्ता) आणि त्यावरून निघालेली प्रत्यक्ष कपड्यांची यादी, ब्रँड आणि किमतीसकट. ही यादी पन्नास सुंदर स्केचेसपेक्षा जास्त बोलते, कारण कल्पनेवरून वस्तूपर्यंत तुम्ही पोचू शकता हे त्यातून दिसतं.

पैसे मिळतात का?

काही ठिकाणी मानधन मिळतं, काही ठिकाणी फक्त प्रवासखर्च, आणि काही ठिकाणी अजूनही काहीच नाही. अशा इंटर्नशिपला मानधन द्यायलाच हवं असा सरसकट नियम भारतात नाही. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्यातलं किमान विद्यावेतन त्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या शिकाऊ उमेदवारांनाच लागू होतं. अमेरिकेत हा प्रश्न कोर्टात गेला. २०१३ मध्ये दोन माजी इंटर्ननी 'व्होग'ची मालक कंपनी कोंडे नास्टवर तुटपुंज्या मोबदल्याबद्दल दावा लावला, कंपनीनं तिथला इंटर्न कार्यक्रमच बंद केला आणि २०१४ मध्ये ५८ लाख डॉलरवर तडजोड झाली.

पूर्णवेळ काम करून घ्यायचं आणि पैसे द्यायचे नाहीत, हे आम्हाला चूक वाटतं. मुंबईत घर नसलेल्या मुलामुलींसाठी ही दारं त्यामुळेच बंद होतात. फुकट काम स्वीकारायचंच असेल तर मुदत ठरवून घ्या (दोन महिन्यांपेक्षा जास्त नको) आणि खालच्या गोष्टी पहिल्या दिवसाआधी ईमेलवर लिहून घ्या :

- मानधन किती, महिन्याच्या कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात
- कामासाठीच्या टॅक्सीचे आणि कुरिअरचे पैसे कोण भरणार. तुम्ही भरून नंतर मिळणार असतील तर किती दिवसांत
- रात्री उशीर झाला तर घरी सोडायची सोय
- शूटच्या दिवशी जेवण
- प्रमाणपत्रावर कोणतं पद आणि कोणत्या तारखा लिहिल्या जातील

मानधनातून १० टक्के टीडीएस कापला गेला तर दचकू नका. तुमचं वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. त्यासाठी पॅन आधीच देऊन ठेवा. आणखी एक : कॉलेजचा रेल्वे सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो. ऑफिस दुसऱ्या दिशेला असेल तर तो चालत नाही, वेगळा पास धरूनच खर्चाचा हिशेब करा.

सोर्सिंग म्हणजे काय आणि ते कसं करतात?

शूटसाठी कपडे मिळवणं. स्टायलिस्ट आधी ब्रीफ देते : विषय, रंग, मूडबोर्ड, किती लुक (म्हणजे किती पूर्ण पेहराव). आठ लुक छापायचे असतील तर पंचवीस-तीस तरी मागवावे लागतात, कारण काही येत नाहीत, काही बसत नाहीत आणि काही कॅमेऱ्यापुढे मरगळतात.

पहिलं काम लुकबुक चाळण्याचं. 'तुमचा निळा ड्रेस पाठवा' असं कधीही लिहू नका. सीझन आणि लुक नंबर लिहा. ईमेलमध्ये शूटची तारीख, अंक, विषय दोन ओळींत, छायाचित्रकार आणि स्टायलिस्टचं नाव, हवे असलेले लुक नंबर, साइज, कपडे कोणत्या दिवशी घ्यायला येऊ आणि कोणत्या दिवशी परत देऊ, एवढं हवंच. मुखपृष्ठावर कोण आहे हे गुप्त असेल तर 'कव्हर, नाव नंतर कळवू' एवढंच लिहायचं. एजन्सीनं कितीही आग्रह केला तरी नाव सांगायचा निर्णय तुमचा नाही.

अडचण अशी की एका लुकचं सॅम्पल, म्हणजे दाखवायला बनवलेला नमुना, बहुधा एकच असतं. तेच मुंबई-दिल्लीत फिरतं, मासिकांकडे जातं, सिनेमाच्या प्रमोशनसाठी नट्यांच्या स्टायलिस्टकडेही जातं. 'होल्ड केलंय', म्हणजे तुमच्या नावानं राखून ठेवलंय, याचा अर्थ 'मिळालंय' असा होत नाही. त्याहून मोठी कुणी नटी मध्ये आली तर आदल्या संध्याकाळी फोन येतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या लुकला दुसऱ्या ब्रँडचा पर्याय आधीच ठरवून ठेवा, आणि आदल्या दिवशी दुपारी सगळ्यांना फोन करून पुन्हा खात्री करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी लग्नसराईत लेहंगे मिळणं फार कठीण, कारण तेव्हा दुकानातले नग गिऱ्हाइकांना दाखवायला लागतात. तेव्हा मागणी तीन आठवडे आधी टाका.

फ्रीलान्स स्टायलिस्ट असेल तर ब्रँड मासिकाच्या लेटरहेडवरचं पुल लेटर मागतात : कपड्यांची जबाबदारी मासिक घेत आहे, असं सांगणारं. ते संपादकांच्या सहीनं जातं. स्वतःची सही करून कधीही देऊ नका.

साइज : रनवेची सॅम्पल सहसा उंच, सडपातळ मॉडेलच्या मापाची असतात. सेलिब्रिटी असेल तर तिच्या टीमकडून छाती, कंबर, नितंब, खांद्यापासून जमिनीपर्यंत उंची आणि चपलेचं माप लेखी घ्या. 'मीडियम' हे माप नव्हे. चपला हमखास अडतात, म्हणून युरोपियन ३८, ३९ आणि ४० अशा तीन साइजमध्ये काळ्या आणि स्किन रंगाच्या साध्या हील्स क्लोजेटमध्ये कायम असाव्यात.

कपडे आले की काय करायचं?

पिशवी उघडल्याशिवाय चलानवर, म्हणजे सोबत आलेल्या मालाच्या यादीवर, सही करायची नाही. आणणारा मुलगा घाई करेल. फारच घाई असेल तर 'न तपासता स्वीकारले' असं लिहून सही करा आणि तारीख-वेळ टाका.

मग नग मोजायचे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लेहंगा हा एक नग नव्हे. घागरा, ब्लाउज, ओढणी असे तीन. सोबत पट्टा असेल तर चार, वेगळा कॅनकॅन (घेर फुलवणारा आतला परकर) असेल तर पाच. कानातले म्हणजे दोन नग, आणि दोन फिरक्या वेगळ्या मोजायच्या. जॅकेटच्या खिशातली जादा बटणांची पुडी, ब्लाउजमधले पॅड, बुटांच्या डस्ट बॅग, ब्रँडचा लाकडी हँगर हे सगळं परत मागितलं जातं.

प्रत्येक नगाचे किमान तीन फोटो : समोरून, मागून, लेबल. आधीपासूनचा डाग, उसवलेली शिवण, निघालेली टिकली दिसली तर जवळून फोटो काढून त्याच तासात एजन्सीला पाठवा. दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या फोटोला किंमत नसते. तोवर कपडा तुमच्याकडे राहिलेला असतो.

स्प्रेडशीटमध्ये हे रकाने ठेवा : तारीख, ब्रँड, एजन्सी, वर्णन, लुक नंबर, रंग, साइज, नग, आधीची खराबी, किंमत, कोणत्या शूटसाठी, परतीची तारीख, परत कुणी घेतलं. वर्णनात 'काळा ड्रेस' नको. 'काळा, एका खांद्याचा, डाव्या बाजूला चीर, क्रेप' असं हवं. रॅकवर अकरा काळे ड्रेस असतील तेव्हा याची किंमत कळते.

दिल्लीहून येणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालासोबत चलान आणि ई-वे बिल (मालवाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) येतं. परत पाठवतानाही ते लागतं, हे विसरलं जातं आणि पार्सल अडकतं. परतीचं बिल कोण काढणार हे माल आल्याच दिवशी ब्रँडला विचारा.

स्टीम करताना काय जपायचं?

ब्रँडचं लेबल वाचा, आणि शंका असेल तर एजन्सीला विचारा. त्यापलीकडे :

स्टीमरमध्ये आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी भरा. स्टुडिओत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असतं, त्यातले क्षार साठून नळीतून पांढरे शिंतोडे उडतात आणि ते नेमके गडद रेशमावर पडतात. सुरू केल्यावर पहिलं अर्धं मिनिट वाफ हवेत सोडा, थुंकणं थांबलं की मगच कपड्याकडे वळा. रेशीम आणि शिफॉन उलट बाजूनं, वीतभर अंतरावरून. मखमल फक्त उलट्या बाजूनं, स्टीमर टेकवायचा नाही, दाबला तर लव बसते आणि तो चट्टा कॅमेऱ्यात दिसतो. टिकल्यांच्या कामावर वाफ नको, प्लास्टिकच्या टिकल्या वळतात. जरदोजीवर तर मुळीच नको, ओलीनं तार काळवंडते. चामड्याला वाफ लावायची नाही.

विणलेले कपडे हँगरवर ठेवू नका, रात्रीत खांदे लोंबतात. जड घागरा त्याच्या आतल्या लूपवर टांगा, क्लिपवर टांगलात तर कमरेवर वळ उठतात. पैठणीच्या घड्या मोडायच्या असतील तर वाफेपेक्षा पातळ सुती कापड वर ठेवून हलकी इस्त्री बरी, आणि पदराच्या जरीवर तीही जपून.

शूटच्या दिवशी काय काय न्यायचं?

किट बॅग ही इंटर्नची जबाबदारी. तीन आकारांच्या सेफ्टी पिना, बुलडॉग क्लिप किमान वीस, दुहेरी चिकटपट्टी, मास्किंग टेप, लिंट रोलरचे दोन जादा रोल, सुई आणि पांढरा-काळा-बेज दोरा, छोटी धारदार कात्री, स्किन रंगाची अंतर्वस्त्रं, निपल कव्हर, टाचांची जेल पॅड, आतले सोल, पातळ नायलॉनचा चेहरा झाकायचा रुमाल, झिप पिशव्या, मार्कर, टॅग, एक्स्टेन्शन बोर्ड, स्टीमर, आणि एक मोठी धुतलेली पांढरी चादर. चादर जमिनीवर अंथरली की तिच्यावरच मॉडेल कपडे बदलते. त्यामुळे घेर मळत नाही आणि पडलेली फिरकी पांढऱ्यावर लगेच दिसते.

कॉल टाइमच्या, म्हणजे सगळ्यांना बोलावलेल्या वेळेच्या, तासभर आधी पोचा. रॅक लुकच्या क्रमानं लावा, खाली त्याच क्रमानं चपला, दागिने लुक नंबर लिहिलेल्या झिप पिशवीत. डोक्यावरून घालायच्या प्रत्येक कपड्याआधी चेहऱ्यावर रुमाल. गळ्याला लागलेला फाउंडेशन ही सर्वांत नेहमीची खराबी आहे. तो लागलाच तर पाणी लावून चोळू नका, तेलकट डाग धाग्यात आणखी उतरतो. कोरड्या टिश्यूनं टिपा, फोटो काढा, स्टायलिस्टला सांगा.

मोठा कपडा मागून क्लिप लावून बसवायचा. रेशमाला पिन लावावीच लागली तर शिवणीच्या आत दुमडलेल्या जादा कापडात लावा, उघड्या कापडावर राहिलेलं भोक बुजत नाही. चपलांच्या तळाला चालण्याआधी मास्किंग टेप लावा. आधी टाचेपाशी छोटा तुकडा लावून बघा, कारण रंगवलेल्या तळाचा रंग टेपबरोबर निघतो. शूट संपल्या संपल्या टेप काढा. उन्हात तापली की गोंद मागे राहतो.

प्रत्येक लुकचा शेवटचा शॉट झाला की फोनवर समोरून आणि मागून फोटो, आणि यादीत 'शूट झालं' अशी खूण. दोन महिन्यांनी क्रेडिट लिहिताना तीच एकमेव साक्ष असते.

सेटवर टेलर मास्टर, इस्त्रीवाले, स्पॉटदादा (सेटवरचे मदतनीस) यांच्याशी पहिल्याच तासात नीट बोला, नावं विचारून घ्या. एखादी कंबर पाच मिनिटांत आत घ्यायची वेळ आली की मास्टरजींच्या हातावरच शूट चालतं.

खऱ्या दागिन्यांचं काय?

ते इंटर्ननं एकट्यानं आणायचे किंवा पोचवायचे नाहीत. टॅक्सीनं नाही, बाइक कुरिअरनं तर नाहीच. ब्रँडचा माणूस आणि सुरक्षारक्षक घेऊन येतात, तेच परत नेतात. प्रवासातला विमा या अटींवरच लागू असतो. कुणी 'जवळच तर जायचंय' म्हणालं तरी नाही म्हणा. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

आल्यावर यादीतला प्रत्येक नग, त्याचं ग्रॅममधलं वजन आणि फोटो जुळवून दोघांच्या सह्या. दागिना ट्रेमधून निघाला की कुणाच्या अंगावर आहे ते लिहा, उतरला की लगेच ट्रेमध्ये. मेकअप रूममध्ये, बेसिनवर, खिशात एक मिनिटही नाही. परफ्यूम आणि हेअरस्प्रे दागिन्यांच्या आधी, नंतर नाही. कानातल्यांच्या काड्या स्पिरिटनं पुसताना मोत्यांना थेंबही लागू देऊ नका, त्यांची झळाळी जाते.

परत करताना काय चुकतं?

घाई. शूट रात्री संपतं, सगळे दमलेले असतात आणि कपडे दिसेल त्या पिशवीत कोंबले जातात. त्यापेक्षा सेटवरच ब्रँडनुसार रॅक लावून घ्या आणि यादीवर खूण करत पॅक करा. ओलसर कपडा प्लास्टिकमध्ये बांधू नका. पावसाळ्यात बाहेरून दुसरं आवरण घाला आणि बाइकऐवजी टॅक्सी धरा. गर्दीच्या वेळी आठ गारमेंट बॅग घेऊन लोकलमध्ये चढायला लावलं तर टॅक्सीचे पैसे मागा. तो तुमचा हट्ट नाही, मालाची काळजी आहे.

परत घेणाऱ्याचं नाव, वेळ आणि सही किंवा व्हॉट्सॲपवरची पोच घ्या. दुकानात ठेवून आलात आणि पोच नाही, तर कागदावर तो कपडा तुमच्याकडेच आहे.

काही हरवलं किंवा फाटलं तर भरपाई मी द्यायची का?

सामान्यतः नाही. ब्रँड आणि मासिक यांच्यातला तो विषय आहे. मानधनातून कापणार असल्याचं कुणी म्हणालं तर ते कोणत्या लेखी अटीनुसार, हे एचआरला ईमेलवर विचारा. तुमचं कर्तव्य लगेच सांगण्याचं. शिलाई उसवली तर त्याच दिवशी ब्रँडचा कारागीर ती परत घालू शकतो. घरी नेऊन स्वतः दुरुस्त करू नका. चुकीच्या दोऱ्यानं केलेली डागडुजी लपत नाही आणि विश्वास जातो तो कायमचा.

क्रेडिट इतकं महत्त्वाचं का?

ब्रँडनं कपडा दिला त्याच्या बदल्यात त्याला मिळते ती एक ओळ. नावाचं स्पेलिंग ब्रँड स्वतः लिहितो तसंच, मोठी-लहान अक्षरं त्याच्याप्रमाणे. किंमत दोनदा तपासा : पान लागताना आणि छपाईला जाण्याआधी. शूट आणि छपाई यांत दोन-तीन महिने जातात, तेवढ्यात किमती बदलतात.

कारागिरीचं मूळही क्रेडिटचाच भाग आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्रादानं कोल्हापुरीसारख्या चपला नुसत्या 'लेदर सँडल' म्हणून दाखवल्या. महाराष्ट्रातून टीका झाल्यावर त्यांची प्रेरणा कोल्हापुरी चपलांची असल्याचं कंपनीनं मान्य केलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं आहे. असं तपशीलवार लिहिता आलं पाहिजे. खण, हिमरू, पैठणी, इरकल यांतलं काही समोर आलं की मराठी इंटर्ननं गप्प बसू नये. इरकलला पैठणी म्हणून छापलेलं पान तुम्ही थांबवू शकता.

डिजिटलमध्ये काय येतं?

सीएमएसमध्ये (वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मजकूर चढवणं, फोटोंचे हक्क तपासणं, ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ), खरेदीच्या लिंक, रील्सच्या कॅप्शन. फोटो इन्स्टाग्रामवर दिसतो म्हणून तो वापरायचा हक्क मिळत नाही. एजन्सीचा परवाना किंवा फोटो काढणाऱ्याची लेखी परवानगी लागते. फॅशन वीकच्या दिवसांत शो संपल्यापासून तासाभरात बातमी हवी असते, तेव्हा डिझायनरची आधीची माहिती लिहून तयार ठेवा.

इंग्रजी फाडफाड येत नाही. जमेल?

फॅशन विभागात जमेल. ईमेल स्वच्छ आणि अचूक हवेत, त्यासाठी मागणी, आठवण, परतीची सूचना आणि आभार असे चार नमुने तयार करून ठेवा. सेटवर हिंदी-मराठीच चालते. इंग्रजी मासिकाच्या फीचर्स विभागात मात्र लेखी इंग्रजी पक्कं लागतं. मराठीत लिहायचं असेल तर 'गृहशोभिका'सारखी मासिकं आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्या हा वेगळा आणि खुला रस्ता आहे.

सेटवरचे फोटो टाकता येतात का?

अंक बाहेर येईपर्यंत नाही. मागे रॅक दिसणारा आरशातला सेल्फीही नाही.

ब्रँडनं भेट पाठवली तर?

ती विभागाला आलेली आहे असं धरून नोंद करा आणि विचारा. शूटसाठी आलेलं सौंदर्यप्रसाधन उघडलं गेलं म्हणून ते आपोआप तुमचं होत नाही.

कुणी त्रास दिला तर?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्त्रियांसाठी आहे आणि तो इंटर्न मुलींनाही लागू होतो, मानधन असो वा नसो. शूटचं ठिकाण आणि कंपनीनं दिलेली गाडी हीही त्यात कामाची जागा धरली जाते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते, लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. समितीच्या सदस्यांची नावं पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. ओरडणं, अपमान, रात्री दोनला 'उद्या सातला ये' हे या कायद्यात बसत नाही, पण सहन करायलाच हवं असंही नाही. तारखा लिहून ठेवा, एचआरला आणि कॉलेजच्या समन्वयकांना ईमेल करा. मध्येच सोडलंत म्हणून या क्षेत्राचे दरवाजे बंद होत नाहीत.

पुढे नोकरी लागते का?

त्याच मासिकात लगेच लागेलच असं नाही, जागा थोड्या असतात. पण इंटर्नशिपमध्ये झालेल्या ओळखींतून पीआर एजन्सी, डिझायनरचं ऑफिस, फ्रीलान्स स्टायलिस्टची असिस्टंट, ई-कॉमर्सचं स्टायलिंग अशी कामं येतात. 'हिच्याकडून कपडे वेळेवर परत येतात' हे एजन्सीतल्या लोकांच्या लक्षात राहतं, आणि असिस्टंट हवी असली की स्टायलिस्ट त्यांनाच फोन करून नाव विचारतात.

शेवटच्या आठवड्यात काय उरकायचं?

अजून परत न गेलेल्या प्रत्येक नगाची यादी नव्या इंटर्नला समोर बसून द्या, रॅकवर हात ठेवून एकेक जुळवा, आणि त्या यादीची प्रत फॅशन असिस्टंटला ईमेल करा. ज्या शूटवर काम केलं त्यांची यादी आणि कोणत्या अंकात येणार ते लिहून घ्या. तुमचं नाव असिस्टंट म्हणून छापलं जाणार का, हे आत्ताच विचारा, पान छपाईला गेल्यावर काही करता येत नाही. प्रमाणपत्र सहीसह हातात घ्या. टॅक्सीची बिलं शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी जमा करा, ऑफिसचा ईमेल बंद झाल्यावर त्यांचा पाठपुरावा करणं फार अवघड जातं.